स्मॉलच्या सोयरिकी

ग्रिम्सबीच्या वाचनालयात, गुरुवारी संध्याकाळी,
बॉयलर बंद म्हणून कोट अंगावरच ठेवून
मी फळ्यावर शब्द लिहिला: स्मॉल.
वाटलं, वीस मिनिटांत उरकेल.
स्मॉल म्हणजे लहान. पुढे चला.

डाइवानं हात वर केला. तिच्या बोटांना
कॉड माशाचा वास, लिंबानंही न जाणारा.
'ह्याचं लिंग काय?'
काही नाही, मी म्हणाले. वचनही नाही.
'आमच्याकडे विशेषण नामामागून
नव्या सुनेसारखं चालतं, पावलागणिक रूप बदलत.
तुमचं हे कुणापुढेच वाकत नाही.'
साठ वर्षं ही भाषा बोलते आहे मी,
आणि हे मला कौनासच्या बाईनं सांगावं.

वाकत नाही खरं, पण ज्याच्या घरी जातं
त्याचं मीठ खातं.
बसथांब्यावर, हवा बरी आहे, हो, बरी आहे,
कुत्र्याचा पाय कसा आहे आता: स्मॉल टॉक.
नवरा गेला तेव्हा दोन महिने
मी तेवढ्यावरच जगले.
खिशातली चिल्लर: स्मॉल चेंज.
रात्रीचे दोन, तीन, चार: स्मॉल अवर्स.
'लहान?' डाइवा हसली. 'माझी पाळी तेव्हाच असते.
त्यांच्याएवढे लांब तास साऱ्या घड्याळात नाहीत.'
आकडे लहान असतात, म्हणून बहुतेक, मी म्हणाले.
माझं मलाच पटलं नाही.

रेबवार फ्रीमन स्ट्रीटवर केस कापतो.
त्यानं भाड्याचा करार काढला, चार घड्यांचा.
अकराव्या पानाच्या तळाशी
मुंग्यांची रांग: स्मॉल प्रिंट.
अनामत रक्कम त्या मुंग्यांनी नेली.
'आणि पैसे खूप असले तर? तेव्हा कुठला शब्द?'
सांगायला नको होतं. सांगितलं:
स्मॉल फॉर्च्यून.
'लहान?'
नाही, पुष्कळ. पण आम्ही लहान म्हणतो.
त्यानं वहीत उतरवून घेतलं. मग शेजारी
लॉरीत लपवणाऱ्या माणसाला
बापानं जमीन विकून दिलेला आकडा मांडला,
शून्यं मोजली, म्हणाला, 'बरोबर. स्मॉल.'
मी लाल पेनाचं टोपण लावून टाकलं.

पण ते पुन्हा काढावं लागलं.
टेस्फालेमचा गृहपाठ राहिला होता.
'मार्चमध्ये आमच्याकडे स्मॉल रेन येतो.'
मी खोडलं, वर लिहिलं, लाइट रेन.
'का?'
जमत नाही त्या दोघांचं.
'का पण?'
आता सोयरीक का जुळली नाही
हे कुणाला विचारायचं?
तो शेवटच्या बाकावरून उठला.
एरवी शब्द मोजून बोलणारा माणूस.
'लाइट म्हणजे कमी पडतो तो.
हा कमी नसतो. हा धाकटा.
मोठा येतो जूनमध्ये. त्याच्या आधी हा येऊन
जमिनीला विचारून जातो.
ह्याच्यावर आम्ही नांगर धरतो.'
धाकटा, आणि थोरल्याच्या आधी?
'हो,' तो म्हणाला. आमच्या वेडेपणाची कारणं
त्यानं कुठे विचारली होती, की मी विचारावीत.

लग्नाआधी मी छापखान्यात मुद्रितं तपासायची.
खोडलेला शब्द परत हवा असेल
तर त्याच्याखाली टिंबं देत.
म्हणजे जुळाऱ्यानं समजायचं: राहू दे, चूक माझी.
चाळीस वर्षांनी ती टिंबं दिली.
टेस्फालेमला वाटलं, आणखी काही चुकलं.

साडेआठला सगळे उठले. डाइवा उठताना थांबली,
कमरेच्या जरा वर, पाठीला खळगा पडतो तिथे
तळहात दाबून म्हणाली, 'ह्या जागेला काय म्हणता?'
स्मॉल, मी म्हणाले. पाठीचा स्मॉल.
'आणि पुढे? कुठलं नाम?'
पुढे काही नाही. इथे तो एकटाच.
'बरं,' ती म्हणाली, 'तो फार दुखतो,'
आणि पाळीवर गेली.