बेमुदत रजा

कोर्टासमोर, झेरॉक्सच्या दुकानाला टेकून माझं टेबल.
पाटीवर लिहिलंय: भाषांतर, अ‍ॅफिडेव्हिट, नोटरी.
नोटरी वर बसतो, त्याचा पंखाही वर.
खाली मी आणि शब्द.

आज राजुबाई गाजूल आल्या.
पिशवीला तंबाखूचा वास, पिशवीत लेस्टरहून आलेली
सतरा पानं.
"नागनाथनं पाठवलंय. काय म्हणतायत वो
माझ्या पोराला?"

पहिल्याच पानावर अडलो.
बेमुदत रजा मिळाली आहे त्याला, मी म्हणालो.
बाई गप्प. मग म्हणाल्या,
"मिलच्या गेटवर असंच लिहिलं होतं. बेमुदत.
हे त्या दिवशी डबा तसाच परत घेऊन आले."
नाही, तिकडं रजा म्हणजे राहायची परवानगी.
"आपल्यात रजा म्हणजे जायची."
हो.
"मग पोरगं राहिलं का गेलं?"

मी समासात पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढलं
आणि पान उलटलं.

वंशाने नागरिक. वंशाने नव्हे असा नागरिक.
दुसऱ्याला नावच नाही, नुसता नकार,
तरी वजन त्याचंच जास्त.
त्याचं लेकरू परमुलखात जन्मलं तरी
नागरिकत्व आपसूक त्याच्या पदरात.
पहिल्याचं बहुधा पहिल्यापाशीच थांबतं.
मला हे कळायला चार वर्षं लागली होती.
राजुबाईंना चहा संपेपर्यंत.
"मागाचं तसंच की. स्वतः घेतलेला माग पोराला देता येतो.
बापाच्या नावचा असला की भावकी उभी राहते."

सद्वर्तन.
इथं त्या हसल्या.
"शाळेच्या दाखल्यावर आहे की, वर्तणूक चांगली.
बेंच मोडला होता त्यानं. तरी चांगली.
तो जोडू का?"
तो सोडल्याचा दाखला, मी म्हणालो,
ह्यांना धरल्याचा हवाय.

शेवटाकडं जुन्या व्याख्या, मुंगीएवढ्या टायपात.
ब्रिटिश प्रजा. ब्रिटिश संरक्षित व्यक्ती.
उगाच वाचून दाखवल्या,
तर बाईंचे सासरे निघाले सोलापूरचे, म्हणजे प्रजा,
आणि सासूबाई अक्कलकोट संस्थानातल्या, म्हणजे संरक्षित.
अक्षता पडल्या आणि ती प्रजा झाली.
कायदाच होता तसा.
वळसंगला बैलांना पाणी पाजलं तेव्हा
गाडीत बसलेल्या त्या पोरीला ठाऊकही नसेल
की आपण आता कुणाच्या तरी झालो,
नवऱ्याच्या सोडून आणखी कुणाच्या.
ना अर्ज, ना फी, ना चारित्र्याची चौकशी.
नातू त्याच दारात उभा आहे,
हजारावर पौंड भरून,
बोटांचे ठसे देऊन.

मग एक तक्ता. गैरहजेरी.
गेल्याची तारीख, परतल्याची तारीख, दिवस, कारण.
नागनाथचं अक्षर, तिरकं, घाईचं.
दोन मार्च ते चोवीस मार्च. एकवीस दिवस.
कारणाच्या रकान्यात एकच शब्द:
वडील.

बाईंनी बोटावर मोजलं.
"दहावं झाल्यावर पण थांबला होता तो.
माझ्यापाशी बसून विडीची पानं कापायचा. सगळी वाकडी.
इथंच तर होता की वो."
हो, मी म्हणालो. तेच लिहिलंय.

जन्माच्या अ‍ॅफिडेव्हिटवर त्यांनी सही केली, तेलुगूत,
एकेक अक्षर टाका घातल्यासारखं.
मी सतरावं पान बाकीच्यांच्या खाली सारलं.
त्यावर ह्या देशाचं निळं पुस्तक
परत करायची गोष्ट होती.

"एक राहिलं," त्या म्हणाल्या.
कोरं आहे ते.
त्यांनी ते ओढून घेतलं,
पानभर छापलेल्या ओळींवरून हात फिरवला,
घडी घातली,
आणि पैसे मोजले
सोळाच पानांचे.

"कोऱ्याचे कशाला द्यायचे?"