डावीकडची चौथी

खोरोगच्या विमानतळावर काटा एकच.
आधी सामान ठेवायचं, मग माणसानं त्याच्याशेजारी उभं राहायचं,
दोघांची बेरीज मी वहीत लिहितो.
आकडा ऐकला की बायका सामानावर खापर फोडतात.

सतरा जागा. ढग आले की शून्य.
दुशान्बेचं विमान इथे डोळ्यांनी उडतं,
दरीतून, शिखरांच्या खांद्याखालून.
म्हणून लोक तीन तीन दिवस बाकांवर बसतात,
मिठाच्या चहात पाव बुडवत,
उधारी मागायला आल्यासारखे आभाळाकडे बघत.

परदेशी पाहुणे विचारतात, कुठली बाजू चांगली?
वीस वर्षं मी तेच सांगतो.
उजवीकडे डोंगर इतका जवळ
की रानबकरीची दाढी मोजावी,
पण सकाळी तो सावलीत, फोटो काळा येतो.
डावीकडे ऊन. डावीकडे नदी.
पहिली रांग नको, तिथून नुसतं चाक दिसतं.
शेवटचीही नको, तिथल्या काचेवर
कुणीतरी अंगठीनं आपलं नाव कोरलंय.
पंख छपरावर आहेत, खालचं काही झाकत नाहीत.
तेव्हा डावीकडची चौथी.
मी स्वतः कधी बसलो नाही.
काटा सोडून कोण जाणार?

ओफ्तोबमोनं मला काही विचारलं नाही.
अठ्ठावन्नची, लोकरीचे मोजे, सुक्या तुतीची पिशवी,
एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसरा अजून शाबूत.
"डावीकडची चौथी," म्हणाली, मी तोंड उघडायच्या आत.
"कुणी सांगितलं?"
"सांगायला कशाला हवं? एवढी वर्षं खालून बघतेय.
मी धाब्यावर तुती वाळत घालते
तेव्हा ते डोक्यावरून जातं,
आणि त्याचा डावा पंख बरोबर शकरमोच्या घरावर."

शकरमो धाकटी बहीण. पलीकडच्या काठावर, दुसऱ्या देशात.
शनिवारचा बाजार भरायचा तेव्हा पुलावर ठरलेलं लग्न.
मग पुलाचं दार लागलं ते लागलंच.
मधे पंज नदी. फार रुंद नाही,
पण हाक पुरी गिळते.
फोन लागतो महिन्यातून एकदा,
आणि दरवेळी तेच: गाय मेली गं ताई, दूध विकत घेतो.
ओफ्तोबमोनं दोनदा पैसे पाठवले,
कुणाकुणाच्या हातून, अर्धे पोचले असतील.

त्या दिवशी गणित बसेना.
डावीकडे एक जाडजूड कप्तान, एक सराफ, सराफाची आई.
पायलट म्हणाला, या बाईला उजवीकडे घे, तोल जातोय.
मी वही बघितली. तिच्याकडे बघितलं.
मग बटाट्यांची तीन पोती
स्वतः उचलून उजवीकडे रचली.
माझ्या नोकरीतलं धाडस म्हणाल तर एवढंच.
पाठ आठवडाभर दुखत होती.

महिन्यानं ती जीपनं परतली, सगळा रस्ता अंगात घेऊन,
एका डोळ्यावर हिरवी पट्टी.
"दिसलं?" मी विचारलं.
"पिवळी चादर टाकली होती छपरावर, ठरल्याप्रमाणे.
शेजारी स्वतः उभी, बोराएवढी.
पण घराच्या मागे, किमतशो,
आमच्या काठावरून जिथं नुसती भिंत दिसते..."
ती थांबली. माझ्या मनात नको नको ते आलं.
"दोन गाई! एक काळी, एक पांढरी. धष्टपुष्ट!"

हसता हसता तिची पट्टी सरकली.
"लबाड. लहानपणीही जर्दाळू ओच्यात लपवायची
आणि तोंड कोरडं करून मला मागायची."

"मग आता फोनवर विचारणार?"
"कशाला?
गाय मेली म्हणून तरी ती फोन करते."

दुसरा डोळा पुढच्या वर्षी.
वहीच्या मागच्या पानावर मी आत्ताच लिहून ठेवलंय:
ओफ्तोबमो, डावीकडची चौथी.
बटाटे उजवीकडे.