निधान

काका धरणावर पाण्याची पातळी वाचायला होते,
म्हणून आमचा मे महिना हिडकलच्या फुगवट्यावर.
इचलकरंजीहून निपाणी, निपाणीहून संकेश्वर,
पुढं टेम्पोत, कलिंगडांच्या ढिगावर बसून.

बंदर म्हणायचे त्याला सगळे.
बंदर म्हणजे काय, तर अकरा तेप्पे उपडे घातलेले,
डांबर फासलेल्या गोल टोपल्या, कोरड्या चिखलात
कासवं निजावीत तशा.
एक डिझेलची लाँच, अर्धी निळी
(उरलेला रंग पुढच्या वर्षी, असं दर वर्षी),
आणि भीमव्वाची टपरी : गिरमिट, गोटीसोडा,
ओल्या चड्ड्या वाळवायला एक दोरी.

पाणी मागं सरे तसं बंदर त्याच्या मागं चाले.
एप्रिलात शाळेच्या भिंतीशी,
मे संपताना पार खाली, बाभळीच्या वठलेल्या बुंध्यांत.
टपरीला चाकं लावून घेतलेली भीमव्वा एकटी शहाणी.

रविवारी बेळगावचे यायचे, गडहिंग्लजचे, गोकाकचे.
जर्मनचे डबे, चपात्या, बटाट्याची सुकी भाजी, गॉगल.
तेप्प्यात पाय टाकताना नवी सून नवऱ्याचा खांदा धरायची
आणि सासू मुद्दाम धरणाच्या दारांकडं बघत बसायची.

मी बाळाप्पा अंबीच्या तेप्प्यात, फुकट,
पाणी उपसायच्या बोलीवर.
त्याला मराठी येई ती बाजाराची : पावशेर, सुट्टे, उधार नाही.
मला कन्नड येई ती शिव्यांची.
एका ठरावीक जागी आलो की तो वल्हं आडवं धरायचा,
खाली बघायचा, आणि म्हणायचा,
निधान. निधान.

मीही बघायचो.
हिरवं, मग काळपट हिरवं, मग काहीच नाही.
त्या काहीच नाहीमध्ये मी हंडे ठेवले,
साखळीनं एकमेकांना बांधलेले,
तोंडावर मोहरा, मोहरांवर नाग.
कुणाला बोललो नाही. चार उन्हाळे.

पाचव्या साली पाणी एवढं ओसरलं
की काकांच्या पट्टीवरचे आकडेच संपले.
ती ठरावीक जागा उघडी पडली :
दगडी उखळ, चार पायऱ्या, घोट्याएवढ्या भिंती,
शिंपल्यांचा खच.
बाळाप्पानं चपला काढल्या.
भिंत कुठूनही ओलांडता आली असती,
पण तो वळसा घालून दाराकडं गेला,
तिथं मान वाकवली, नसलेल्या चौकटीखाली,
आणि आत शिरला.

मी घाईनं मागं. हंड्यांसाठी, खोटं कशाला बोलू.
पायरीवर शेवाळ होतं. पाय सटकला.
त्यानं दंड धरला. निधान, म्हणाला.
मी बोटानं विचारलं, कुठं?
तो हसला. उखळात साचलेल्या पाण्यात
बोटभर मासा अडकला होता, तो मला दाखवला.

"खुळ्या, सावकाश म्हणतोय तो,"
रात्री मावसभाऊ गादीवर लोळत हसला,
"कन्नडात निधान म्हणजे हळू."
मी तोंड फिरवून झोपलो.
हंडे बुडायला बराच वेळ लागला.

परवा मुलीला घेऊन गेलो.
आता नारिंगी जॅकेटं, पावती, सूचनांचा फलक तीन भाषांत.
लाँच पुरी निळी झाली आहे.
भीमव्वाच्या टपरीची चाकं उरलीत, त्यात कोंबड्या.
सुकाणूवर बाळाप्पाचा नातू, यल्लेश,
कानात हेडफोन, मराठी माझ्याहून बरी.
मध्यावर त्यानं इंजिन बंद केलं.
सगळे गप्प झाले, कुणीतरी वेफर्सचा पुडा मिटला.
लाँच नुसती वाहत पुढं सरकली.

का रे थांबलास, मी विचारलं.

"खाली घर आहे," तो म्हणाला,
पुढं स्पीडब्रेकर आहे म्हणावं, तसं.