नमुना सही

सर्जेराव हसबे मदुराईहून आला.
गलाईच्या दुकानात जुन्या जरीच्या पुडक्यात ही निघाली म्हणाला.
जर वितळली, चांदी काट्यावर गेली,
ही तेवढी उरली.
"भाऊसाहेब, तुमी सह्यांतलं माणूस. बघा कुठली ती."

पाच पेसो. मेक्सिको. एकोणीसशे चौदा.
मधोमध घडी, घडीवर कुणाच्या तरी घामाची पिवळी रेघ,
आणि खाली तीन सह्या. छापील नव्हेत, हातच्या.
नोट उलटी करून चाचपली.
शाई कागदाच्या पाठीपर्यंत पोचली होती.

पुतणीनं मोबाईल धरून शब्द लावले.
सरकारचा तपासनीस. व्यवस्थापक.
तिसरा काहेरो, म्हणजे कॅशियर हो, काका.
नावं मात्र लागेनात.
नाव लागू नये म्हणूनच माणूस सही करतो, मी म्हणालो.
ती हसली. मी विनोद केला नव्हता.

एकतीस वर्षं नमुना सह्यांच्या कपाटापाशी बसलोय.
विट्याची निम्मी पेठ मला तोंडानं नाही,
वळणानं ठाऊक.
कुणाचा 'र' बाप गेल्यावर मोडला,
कुणाच्या सहीत वाटणीनंतर भावाचं आडनाव आखडलं.

तपासनिसाचं बघा. पहिलं अक्षर फेट्याएवढं,
पुढं नुसती पळापळ. जेवण थांबलं असणार.
व्यवस्थापकानं सहीखाली दोन रेघा ओढल्यात,
एकीवर भरवसा नव्हता.
कॅशियरनं मात्र पूर्ण नाव लिहायचं ठरवलेलं,
आणि मध्येच हात गेलाय.
दिवसाला हजार तरी नोटा असतील पुढ्यात.
नऊशेव्या नोटेला
माणसाचं आडनाव गळून पडतं.

पुढं तिथं फौजा आल्या, फौजा गेल्या.
एकानं छापलेलं दुसऱ्यानं रद्द केलं.
सकाळी भाकरीला चाललेली नोट
तिन्हीसांजेला पोरांच्या खेळातली.
सह्या तेवढ्या खऱ्या राहिल्या.

उभ्या जन्मात मी खोटी सही शोधली, खऱ्या चेकवरची.
खरी सही आणि खोटा कागद,
याला माझ्या कपाटात खण नव्हता.

निवृत्तीनंतर अकरा महिने
मी पतसंस्थेत कामचलाऊ व्यवस्थापक होतो.
तिथंही पावतीवर तिघं. लिपिक, मी, अध्यक्ष.
अध्यक्षांचा रबरी शिक्का होता.
लिपिक पोरगं होतं, नुसतं 'वि' काढून मोकळं व्हायचं.
मी मात्र पूर्ण नाव लिहीत होतो,
वडिलांच्या नावासकट.

संस्था बुडाली. अध्यक्ष लेकीकडं असतात आता, बाणेरला.
मी इथंच, स्टँडमागं.

बाजारादिवशी जैनब आत्तार गाळा बंद करून येते.
हातात बांगड्यांची काच लागलेल्या चिरा,
पिशवीत ठेव पावती, लॅमिनेशन केलेली.
उंबऱ्याच्या आत येत नाही. पाणी घेत नाही.
"भाऊसाहेब, ही सही तुमचीच न्हवं?"
मी चष्मा लावतो. गरज नसते, तरी लावतो.
माझीच.
"मग झालं."
पावती पिशवीत, पिशवी खांद्याला, बाई रस्त्याला.
सहा वर्षं झाली. काय झालं
ते मी अजून विचारलेलं नाही.

त्या कॅशियरच्या दारात कोण येत असेल?
नोट वर धरून, की पदराला बांधून?
आणि तो काय म्हणत असेल त्यांच्या भाषेत
'माझीच'ला?

काल रात्री भिंग घेऊन बसलो.
पेपरच्या कडेला त्याची सही गिरवली,
तिसऱ्या वेळेला जमली, हात जिथं गेला होता
तिथं आपोआप गेला.

सकाळी सर्जेरावाचा फोन, मदुराईहून.
मागं मुसळीचा, भट्टीच्या पंख्याचा आवाज.
"काय येतील हिचं?"
मी म्हटलं, सह्या खऱ्या आहेत.
"ते नाही विचारलं, भाऊसाहेब."