पातं खिळ्यावर

ट्रॅक्टर लहान आहे, अठरा घोड्यांचा.
सीटवर बसले तरी माझी नजर
फाटकावरच्या वॉचमनच्या टोपीशीच येते.
पण मैदान साडेचार एकर,
आणि एप्रिलात सगळं आठच्या आत उरकायचं.
त्यानंतर सोलापुरात लोखंडाला हात लावायचा
तर आधी विचारून लावावा.

येमूलमामा मार्चअखेर निवृत्त झाले.
जाताना एवढंच दिलं:
ग्रीसगन, सोळा-सतराचा पाना,
टॉवेलच्या कारखान्यातून आणलेलं
रंगीत सुताचं पोतंभर वेस्ट,
आणि एक वही.
वही तेलुगूत.

मी आयटीआय, डिझेल मेकॅनिक, चौसष्ट टक्के.
त्या गोल गोल अक्षरांपुढे अडाणी.
आकडे तेवढे सगळ्यांचे सारखे:
१६००. १६५०. १७००.
मीटरवर आज १७४९.
वहीत १७५० समोर काहीतरी
दोनदा अधोरेखित.

तर जे शिकले ते करते.
डिपस्टिक पुसते पिवळ्या सुताने,
आत घालते, काढते.
तेल दोन खुणांच्या मध्ये, पण काळं,
बोटांत चोळलं तर पाण्यासारखं पातळ.
एअर फिल्टर पायरीवर हळू आपटते,
अर्धं मैदान त्यातूनच निघतं.
बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी,
खायचा सोडा अन् कोमट पाणी,
फसफसून तक्रार करते नि जाते.
फॅनबेल्ट अंगठ्याने दाबून बघते.
बरा आहे. अजून बरा आहे.

मग कटरचा डेक.
किल्ली आधी काढून कमरेला.
हे मात्र मामांनी मराठीत सांगितलं होतं,
तीनदा, डावी करंगळी दाखवून,
जी निम्मीच होती.
ती पात्याने नाही, मागाने नेली,
चाळीस वर्षांपूर्वी, पूर्व भागात.
‘पण यंत्राला काय ठाऊक ते कुठलं यंत्र,’ म्हणाले.

डेक उचलून खाली लाकडी ठोकळे लावते, आडवी होते.
गवत थापून थापून गोवरीसारखं घट्ट,
खुरप्याने सुटतं, तोंडावर पडतं.
त्यात अर्धा टेनिसबॉल,
चपलेचा अंगठा,
कुणाच्या तरी हॉलतिकिटावरचा कान आणि खांदा.

तीन स्पिंडल, तीन निपल.
डावं घेतं ग्रीस, उजवं घेतं,
मधलं घेत नाही.
गन घट्ट होते, मी जोर लावते,
ग्रीस बाहेर येऊन थेट कोपरापर्यंत.
आईवरून एक शब्द तोंडात येतो.
मैदानावर कोणी नसतं म्हणून तो बाहेरही येतो.

वही घेऊन कँटीनला जाते.
नरसुबाई पिठाचे हात पदराला पुसून
बोट ठेवत वाचतात, थांबून थांबून,
शाळा सुटून त्यांना जन्म झाला:
‘मधल्याला ग्रीस जात नाही.
पातं हाताने अर्धं फिरव. मग जातं.
शिव्या देऊ नको.’

आणि ते अधोरेखित?
नरसुबाई आधी हसतात, मग वाचतात:
‘तेल आणि फिल्टर, दोन्ही.
साहेब म्हणतील पुढच्या महिन्यात.
ऐकू नको.’

साहेब तसंच म्हणाले. मी ऐकलं नाही.
साडेतीन लिटर काळं तेल
तिरप्या डब्यात उतरत राहिलं,
तोवर पाती काढली, हातमोजे घालून.
कानसीने धार, आतून बाहेर, एकाच दिशेने.
मग शेडच्या भिंतीतल्या मामांच्या खिळ्यावर
मधल्या भोकातून पातं टांगलं.
डावीकडे झुकलं.
डाव्या टोकाला दोन घास. परत झुकलं.
अजून एक, अगदी फुंकरीएवढा.
हलत हलत थांबलं
आडवं.
त्याच्यावरून एक मुंगी चालत गेली
तरी आडवंच.

संध्याकाळी लिहिलं,
त्यांच्या शेवटच्या ओळीखाली, मराठीत:
१७५०. तेल, फिल्टर, दोन्ही. पाती तोलली.
उजवा बेल्ट दिवाळीपर्यंत चालेल.
माझ्यानंतरचा कानडी असला
तर त्याने घ्यावं कुणाकडून तरी वाचून.

मधल्या निपलचं लिहिलं नाही.
ते लिहिलेलं आहे.