दिसले: शून्य

पाटीवर लिहिलंय: अडीच मैल, मध्यम.
मध्यम म्हणजे काय, मी व्हर्नाला विचारते.
हॉटेलात तिखट विचारतात तसं?
की चित्रकलेच्या परीक्षेत मला मिळाली होती
ती काठावरची श्रेणी?
ती म्हणते, तुझे गुडघे सांगतील.

व्हर्ना हाउगेन, वय बहात्तर.
टिलामूकच्या हॉस्पिटलात सव्वीस वर्षं
माझ्या शेजारच्या मायक्रोस्कोपवर.
आता दर मार्चमध्ये देवमासे मोजते,
मेक्सिकोहून अलास्काकडे निघालेले.
गळ्यात दुर्बीण, खिशात वही,
वहीला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल,
लॅबमध्ये बांधायची तशीच.

आत शिरलो आणि चिखल सुरू झाला.
मुळं इतकी वर आलेली
की दर पावलाला परवानगी घ्यावी.
स्प्रूसचे बुंधे असे, की आम्ही दोघी
आणि रात्रपाळीचा लुकडा एमिलिओ
हात धरून उभे राहिलो असतो
तरी कव पुरली नसती.
पिकल्या केळ्यासारखी, ठिपक्यांसकट,
एक गोगलगाय,
शंख कुठेतरी विसरून आलेली,
फळ्यांची वाट ओलांडत होती.
आम्ही थांबलो. पाळी तिची होती.

पुढे एक खोड आडवं पडलेलं,
त्याच्या पाठीवर कोवळ्या रोपांची रांग.
हे कुजून जाईल, व्हर्ना म्हणाली,
आणि वळणावर तिने दाखवलं पुढचं:
उंच झाड, मुळांच्या पायांवर उभं,
पायांमध्ये बोगदा,
नाहीशा झालेल्या खोडाच्या
अगदी मापाचा.
मी वाकून आत पाहिलं. कोरडं होतं.
खारीने शंकू सोलून ठेवले होते.

अंगावर सुधन्वाचा रेनकोट होता,
बाह्या दोनदा दुमडलेल्या.
खिशात बोटांना पार्किंगची पावती लागली,
तीन वर्षांपूर्वीची.
होती तिथे परत ठेवली.

टोकावर पोचलो तर समुद्र नव्हता.
धुकं. खाली कुठेतरी, चारशे फुटांवर,
कुणी जड कपाट सरकवत असल्यासारखा आवाज.
व्हर्ना बाकावर बसली,
दुर्बीण डोळ्यांना लावून पांढरं पाहू लागली.
काय बघतेस?
अकरा ते एक बघायचं असं ठरलंय, म्हणाली.

मी लसणीच्या चटणीचं सँडविच काढलं.
तिने अर्धं घेतलं, डोळे पुसले,
मग दुर्बीण पुसली.

आणि तो आला.
कुकरची शिट्टी होण्याआधी
वाफ जशी जागा शोधते, तसा
लांब, ओला, दमदार श्वास.
मग दुसरा, जरा डावीकडे.
आम्ही उभ्या राहिलो, हातात सँडविच,
कुणी मोठं माणूस खोलीत आल्यासारख्या.

व्हर्नाने वही उघडली.
वेळ: बारा वीस. दृश्यमानता: शून्य.
दिसले: शून्य.
अगं, पण आपण ऐकलं!
ऐकल्याचा रकाना नाही, ती म्हणाली.
आणि कोरं सोडायचं नसतं.
कोरं सोडलं तर उद्या कुणी म्हणेल,
त्या दिवशी कुणी आलंच नव्हतं.

मला माझ्या काचपट्ट्या आठवल्या.
हजारो वेळा लिहिलं, आढळले नाही,
खाली सही,
आणि कुणीतरी कुठेतरी
त्या रात्री पोटभर जेवलं असेल.
आणि ती एक,
जी व्हर्नाने माझ्या हातून काढून घेतली होती
आणि स्वतः पाहिली होती.
त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.
आत्ताही नाही.

पेन्सिल दे जरा, मी म्हटलं.
दोरा आखूड होता, तिला जवळ सरकावं लागलं.
पावतीच्या पाठीवर लिहिलं: दोन. ऐकले.
तारीख घातली. सवयीने सहीसुद्धा.

परतीची वाट सगळी चढाची.
हे पाटीवर नव्हतं.
व्हर्ना पुढे, दर वळणाला थांबून
फर्नची पानं उगाच निरखणारी,
म्हणजे मला धाप लागलेली तिला दिसू नये.
गोगलगाय अजून फळ्यांवरच होती,
पलीकडच्या काठाला
जवळजवळ.