चाळीस फुटी

काळी माती घर धरत नाही.
पावसात फुगते, चैतात फाटते,
मधल्या मधे भिंतीने कुणाचं ऐकायचं?
तीन वेळा बांधलं आम्ही. तिन्ही वेळा
कोपऱ्यातून बारीक भेग निघाली
आणि चौकटीकडे चालत आली.
दसऱ्याला तिच्यात माझं बोट जायचं,
होळीला दीक्षाचा हात.

शालिक बावीस वर्षं ट्रेलरवर.
न्हावाशेवा ते नागपूर, नागपूर ते न्हावाशेवा,
पाठीवर कुणाचं तरी बंद सामान.
आत काय, त्याने कधी विचारलं नाही.
सील तुटलं की नोकरी तुटायची.
एका रात्री घरी आला, भेगेत टॉर्च मारला,
म्हणाला, "आता डब्बाच आणतो."
मी समजले, जेवणाचा.

आला तो बुधवारी, हिंगणघाटच्या रस्त्याने.
दोन पोरं टपावर उभी, बांबूने
विजेच्या तारा उचलत.
वळणावर कवडूजीच्या कुंपणाचे दोन खांब गेले.
बायांनी विचारलं, "इमान होय का वं?"
विटकरी रंग, अंगावर न वाचता येणारी अक्षरं,
एका कुशीत खोल पोचा,
गर्दीत कुणी कोपर मारावं तसा.
क्रेनचे पैसे तासावर होते.
चहासुद्धा न पाजता आम्ही तो उतरवून घेतला
आठ ठोकळ्यांवर, जमिनीपासून हातभर उंच.
कुत्रं लगेच खाली शिरून झोपलं.
वास्तुशांत तीच.

मुनाफ वेल्डरने हातात खडू घेतला.
"वहिनी, कुठून काय दिसलं पायजे?"
असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं.
खिडकी म्हणजे भिंत उरेल तिथे.
मी बराच वेळ गप्प.
मग म्हटलं, चुलीपुढून पळस दिसू दे.
आणि पडल्या पडल्या रस्ता.

ठिणग्या उडाल्या. पत्र्याचा चौकोन
धाडकन आत पडला
आणि कोंडलेला वास अंगावर आला.
रॉकेल नाही, लवंग नाही.
शालिक म्हणाला, समुद्र.
आमच्या आळीत समुद्र पाहिलेला तो एकटा.
मी बोट फिरवून चाटलं. खारट होतं.

दाराच्या आतल्या अंगाला
कुणीतरी खिळ्याने ओरखडलंय:
अकरा उभ्या रेघा, एक चेहरा, दात नसलेला.
रंग देताना मी तेवढी जागा सोडली.

एप्रिलमध्ये घराने आम्हाला भाजलं.
खोटं कशाला सांगू.
पापड वाळत घातले ते करपले.
दुपारभर आम्ही तिघं घराच्या खाली,
कुत्र्याशेजारी, पोथी ऐकायला बसल्यासारखे.
गाव हसलं. कवडूजी खांबांचे पैसे वसूल होईतो हसला.
मग पऱ्हाटीच्या काड्या, तुराट्या,
तारेने आवळून चारी बाजूंनी बांधल्या,
वर गव्हाचा भुसा कालवून माती थापली वीतभर जाड.
छतावर दुसरं छत, मधून वाऱ्याला वाट.
जी माती घर धरत नव्हती
ती लोखंडाला धरून बसली.
दरसाल लिपावी लागते, एवढंच.

ग्रामसेवक नमुना आठ घेऊन आला.
माती, वीट, सिमेंट. लोखंडाला रकाना नाही.
"घर लिहू का गाडी?"
शालिक म्हणाला, "गाडीत मी पाय सोडून
कधी झोपलो नाई साहेब."
हे कुठे लिहायचं ते अजून ठरलेलं नाही.
पावती तेवढी फाडतात.

श्रावणात मी टॉर्च घेऊन कोपरे तपासते. सवय.
भेग कुठेच नाही.
माती तिचं काम करतेच: खालून फुगते,
आणि अख्खं घर एका अंगाने
केसभर उचललं जातं.
शालिक झोपेत उजवा पाय दाबतो.
सकाळी तो पाचर ठोकेल.
तोवर ताटातलं वरण एका काठाला जमतं,
भात कोरडा राहतो.

मी ताट फिरवून घेते.